जडत्व वाट दाखविते

कोकण रेल्वेने रत्नागिरीहून मुंबईकडे निघाले, की थोड्याच वेळात गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरते. सुमारे ६.५ किलोमीटर लांबीचा हा बोगदा कोकण रेल्वेवरील सर्वांत लांब बोगदा आहे. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला तो पार करावयास ४ मिनिटे २० सेकंद लागतात. तेवढा वेळ हातातल्या मोबाइल फोनला आपण कोठे आहोत हे उपग्रहांकडून कळत नाही. फोनला ठावठिकाणा पुरविणारे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून रेडिओ संदेश पाठवीत असतात. हे संदेश अतिशय क्षीण असतात. सह्याद्रीचा कातळ भेदून ते खाली पोहोचत नाहीत.

बोगद्यातल्या प्रवाशाचे यामुळे काही बिघडत नाही, कारण गाडीला रूळ आहेत. आता दुसरे वाहन घ्या. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली 'आयएनएस खांदेरी' ही पाणबुडी २८ सप्टेंबर २०१९ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली. शिवाजी महाराजांनी १६७९ साली बांधावयास घेतलेल्या खांदेरी या जलदुर्गाचे नाव तिला दिलेले आहे. समुद्राचे खारे पाणी विजेचे सुवाहक असते, त्यामुळे उपग्रहांच्या रेडिओ लहरी त्यात काही सेंटिमीटरांतच विरून जातात. पाण्याखाली रूळ नाहीत, खिडकी नाही, तारे दिसत नाहीत. वर येऊन पाण्याबाहेर अँटेना काढली तर उपग्रहाला ठिकाण विचारता येईल. पण न दिसणे हेच पाणबुडीचे बळ असते. वर आली, की ती शत्रूच्या नजरेस पडू शकते. मग खोल पाण्यात तासन्‌तास जाणाऱ्या पाणबुडीच्या कप्तानाला आपण नकाशावर नेमके कोठे आहोत, हे कसे कळते?

याचे उत्तर तुमच्या नववीच्या पुस्तकात आहे. न्यूटनचे गतिविषयक नियम आणि गतीची तीन समीकरणे, एवढ्या भांडवलावर हे काम चालते. या पद्धतीला जडत्वीय मार्गनिर्देशन असे म्हणतात. बाहेरच्या जगाला काहीही न विचारता, वाहनाच्या आत बसूनच वाहनाचे स्थान शोधून काढावयाचे, हे तिचे वैशिष्ट्य.

डोळे बांधून रिक्षात

आमच्या कोल्हापुरातील राजारामपुरीच्या गल्ल्यांना क्रमांक आहेत: पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली. समजा, तुमचे डोळे बांधून तुम्हाला पहिल्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षात बसविले आणि रिक्षा मेन रोडने निघाली. काही वेळाने ती थांबली. तुम्ही कितव्या गल्लीपाशी आहात, हे पट्टी न सोडता सांगता येईल काय?

रिक्षा सुटताना पाठ मागच्या गादीवर दाबली जाते. ब्रेक लागला, की शरीर पुढे जाते. डावीकडे वळताना आपण उजवीकडे कलतो. हे सारे जडत्वाचे परिणाम. आहे त्याच स्थितीत राहण्याची शरीराची प्रवृत्ती असते आणि रिक्षा आपली स्थिती बदलते, म्हणून हे धक्के जाणवतात. आता हा धक्का किती जोराचा होता आणि किती वेळ टिकला, हे तुम्ही अचूक मोजू शकता असे धरा.

रिक्षा सुटताना १ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे त्वरण ८ सेकंद टिकले. म्हणजे वेग सेकंदाला ८ मीटर झाला आणि ½at² या सूत्राने ३२ मीटर अंतर कापले गेले. पुढे २० सेकंद काहीच जाणवले नाही. याचा अर्थ रिक्षा थांबली असा नव्हे. ती त्याच वेगाने १६० मीटर गेली. नंतर ब्रेक लागला. २ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे मंदन ४ सेकंद टिकले. त्या वेळात आणखी १६ मीटर अंतर गेले आणि वेग शून्य झाला. एकूण अंतर ३२ + १६० + १६ = २०८ मीटर. दोन गल्ल्यांमधले अंतर तुम्हाला ठाऊक असेल, तर पट्टी न सोडता गल्लीचा क्रमांक सांगता येईल.

मधल्या २० सेकंदांकडे मुद्दाम लक्ष द्या. एकसमान वेग आतून कधीच जाणवत नाही. न्यूटनचा पहिला नियम तेच सांगतो. म्हणून यंत्राला वेग थेट मोजता येत नाही; त्याला फक्त वेगातला बदल कळतो आणि मागचा वेग लक्षात ठेवावा लागतो. हे बँकेच्या पासबुकासारखे आहे. त्वरण म्हणजे जमा, मंदन म्हणजे खर्च आणि वेग म्हणजे खात्यावरची शिल्लक. वेगाची क्षणोक्षणीची बेरीज केली, की स्थान मिळते. गणितात अशा बेरजेला समाकलन म्हणतात. त्वरणाचे एकदा समाकलन केले की वेग, दोनदा केले की अंतर. अर्थात खाते उघडताना आरंभीची शिल्लक ठाऊक असावीच लागते. तसेच निघतानाचे स्थान आणि वेग यंत्राला आधी सांगावे लागतात.

त्वरण मोजणारे उपकरण म्हणजे त्वरणमापक. स्प्रिंगला टांगलेले एक लहानसे वजन, एवढीच त्याची मूळ कल्पना आहे. पेटीला त्वरण मिळाले, की वजन मागे रेंगाळते आणि स्प्रिंग ताणली जाते. ताण मोजला, की त्वरण कळते. एकमेकांशी काटकोन करणारे असे तीन मापक बसविले, म्हणजे पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली या तिन्ही दिशांचा हिशेब ठेवता येतो. तुमच्या फोनमध्येही असे तीन त्वरणमापक आहेत. त्यांतले वजन आणि स्प्रिंग दोन्ही सिलिकॉनच्या एकाच चकतीतून कोरलेली असतात आणि ती साध्या डोळ्यांना दिसणार नाहीत एवढी सूक्ष्म असतात.

दिशा कोण सांभाळणार?

येथे एक मोठी अडचण येते. त्वरणमापकाला गुरुत्वाकर्षण आणि त्वरण यांतला फरक कळत नाही. पेटी थोडी कलली, तरी वजन उताराकडे ओढले जाते आणि यंत्राला वाटते की वाहन वेग घेत आहे. पेटी अवघी १ अंश कलली, तर ९.८ × sin १° म्हणजे ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे खोटे त्वरण दिसू लागते. एवढ्याने एका मिनिटात सुमारे ३०० मीटरांची चूक होते, आणि वाहन मात्र जागचे हललेलेही नसते! तेव्हा पेटी कोणत्या दिशेला किती वळली किंवा कलली, हे सतत माहीत असणे आवश्यक आहे. हे काम जायरोस्कोप, म्हणजेच घूर्णी करते.

सायकलचे चाक आसाला दोन्ही हातांनी धरून वेगाने फिरवा आणि आस तिरका करण्याचा प्रयत्न करा. चाक विरोध करते. आपल्या आसाची दिशा सोडावयास ते राजी नसते. फ्रान्सचा शास्त्रज्ञ लिआँ फूको याने १८५२ साली याच गुणधर्मावर पृथ्वीचे परिवलन दाखविणारे उपकरण तयार केले आणि त्याला जायरोस्कोप हे नाव दिले. एकात एक बसविलेल्या, मोकळेपणाने फिरणाऱ्या कड्यांमध्ये असे चाक ठेवले, तर वाहन कसेही वळो, चाकाचा आस आकाशातील ताऱ्यांच्या संदर्भात एकाच दिशेला राहतो. पूर्वीच्या यंत्रणांत त्वरणमापक अशा स्थिर चौथऱ्यावरच ठेवीत असत.

आज बहुतेक ठिकाणी फिरत्या चाकाची जागा प्रकाशाने घेतली आहे. त्याचे तत्त्व असे. रंकाळ्याभोवती दोन मुले एकाच खुणेपासून, एकाच वेगाने, विरुद्ध दिशांनी धावू लागली. ती धावत असताना कोणी ती खूण थोडी पुढे सरकविली, तर खुणेपर्यंत परत येण्यासाठी एकाला थोडे अधिक आणि दुसऱ्याला थोडे कमी अंतर धावावे लागेल. लेझर जायरोस्कोपात मुलांच्या जागी प्रकाशाचे दोन झोत असतात आणि यंत्र फिरले, की खूण सरकते. दोन झोतांमधल्या फरकावरून यंत्र किती वेगाने फिरले ते कळते. फ्रान्सच्याच जॉर्ज सान्याक याने १९१३ साली हा परिणाम प्रयोगाने दाखविला आणि लेझरचा शोध लागल्यानंतर १९६३ मध्ये त्यावरून पहिला लेझर जायरोस्कोप तयार झाला. यात चौथरा स्थिर ठेवावा लागत नाही. सारी उपकरणे वाहनालाच घट्ट बांधतात आणि दिशांचा हिशेब संगणक करतो.

उत्तम प्रतीचा जायरोस्कोप राजारामपुरीतल्या एखाद्या घरी टेबलावर नुसता ठेवला, तरी तो स्वस्थ बसत नाही. पृथ्वी ताशी १५ अंश फिरते आणि तिच्याबरोबर टेबलही फिरते. कोल्हापूरचा अक्षांश सुमारे १६.७ अंश. त्यामुळे उभ्या आसाभोवती ताशी १५ × sin १६.७°, म्हणजे ४.३ अंश आणि उत्तर-दक्षिण आडव्या आसाभोवती ताशी १५ × cos १६.७°, म्हणजे १४.४ अंश एवढे फिरणे त्याला जाणवते. पूर्व-पश्चिम आडव्या आसाभोवती मात्र काहीच नाही. म्हणजे होकायंत्राशिवाय उत्तर दिशा मिळाली आणि आपला अक्षांशही मिळाला! विमान निघण्यापूर्वी काही मिनिटे जागेवर उभे असते, त्या वेळात त्याची यंत्रणा नेमके हेच करून घेते.

लहान चूक, मोठा फटका

आता या पद्धतीचे दुखणे पाहू. समजा, त्वरणमापकात गुरुत्वत्वरणाच्या एक हजारांश, म्हणजे ०.००९८ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी कायमची चूक आहे. एवढे त्वरण हातालाही जाणवणार नाही. पण ½at² मध्ये काळाचा वर्ग आहे, हे विसरू नका. १ मिनिटात चूक १८ मीटर होते. करबुड्याच्या बोगद्यातल्या २६० सेकंदांत ३३१ मीटर. १० मिनिटांत पावणेदोन किलोमीटर. आणि १ तासात सूत्राप्रमाणे ६३ किलोमीटर, म्हणजे कोल्हापूरहून निघून सांगलीच्याही पुढे! वेळ दुप्पट झाली, की चूक चौपट होते. फोनमधले स्वस्त मापक बोगदा संपेपर्यंत कसेबसे निभावतात, पण पाणबुडीला का चालत नाहीत, हे यावरून लक्षात येईल.

सुदैवाने पृथ्वीवर प्रवास करणाऱ्या चांगल्या यंत्रणेच्या मदतीला पृथ्वीचा गोलपणा येतो. पृथ्वी गोल असल्यामुळे सुमारे १११ किलोमीटर पुढे गेले, की 'खाली' ही दिशा १ अंशाने बदलते. म्हणून यंत्रणा जसजशी पुढे जाते, तसतशी ती आपली क्षितिजपातळी त्या प्रमाणात कलवीत जाते. आता यंत्रणेला खोटेच वाटले की आपण पुढे सरकलो, तर ती पातळी उगीचच कलवील. पातळी कलली, की गुरुत्वाकर्षणाचा अंश त्वरणमापकावर उलट्या दिशेने पडेल आणि चुकीचा हिशेब मागे खेचला जाईल. तो मागे येताना पलीकडे जाऊ पाहतो, पुन्हा खेचला जातो. म्हणजे चूक सतत वाढत न जाता लंबकासारखी हेलकावे खाते.

या लंबकाची लांबी किती? पृथ्वीच्या त्रिज्येएवढी! T = 2π√(l/g) या सूत्रात l च्या जागी ६३,७१,००० मीटर आणि g च्या जागी ९.८ घालून पाहा. उत्तर सुमारे ५,०६६ सेकंद, म्हणजे ८४.४ मिनिटे येते. जर्मन अभियंता मॅक्स शूलर याने १९२३ साली हे तत्त्व मांडले. वरच्याच एक हजारांश चुकीचा आता पुन्हा हिशेब केला, तर ती ४२ मिनिटांनी जास्तीत जास्त १२.७ किलोमीटरांपर्यंत जाते आणि ८४ मिनिटांनी पुन्हा शून्यावर येते. ६३ किलोमीटरांची धास्ती उरत नाही.

मात्र उंचीच्या बाबतीत अशी मदत मिळत नाही. तेथे चूक चुकीला वाढवीत जाते, म्हणून विमानात हवेचा दाब आणि पाणबुडीत पाण्याचा दाब मोजून उंची अथवा खोली तपासावी लागते. जायरोस्कोप सरकल्यामुळे होणारी चूकही परत फिरत नाही. ताशी ०.०१ अंश एवढा जरी तो सरकला, तरी स्थानात दर तासाला १.१ किलोमीटरांची भर पडते. म्हणूनच पाणबुडीलाही केव्हा ना केव्हा वर येऊन, किंवा समुद्रतळाची ओळखीची खूण शोधून, आपला हिशेब ताळ्यावर आणावा लागतो. आपल्या रेल्वेच्या 'कवच' या सुरक्षा यंत्रणेतही रुळांमध्ये ठिकठिकाणी बसविलेल्या खुणेच्या पट्ट्या वाचून इंजिन आपले स्थान नक्की करते आणि दोन पट्ट्यांच्या मधले अंतर चाकांच्या फेऱ्यांवरून मोजते. स्वतः हिशेब ठेवायचा आणि संधी मिळेल तेथे तो पडताळून घ्यायचा, ही रीत दोन्हीकडे सारखीच.

ध्रुवाखालून चंद्रावर

या पद्धतीची पहिली मोठी कसोटी लागली ती १९५८ साली. अमेरिकेची 'नॉटिलस' ही अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी ३ ऑगस्ट १९५८ रोजी बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोहोचली. ध्रुवाजवळ होकायंत्राचा भरवसा नसतो आणि डोक्यावर बर्फाचे छत असल्याने तारेही दिसत नाहीत. तिच्यात ११६ माणसे होती. दिशा चुकली असती तर बर्फाखालून बाहेर पडण्याची वाट सापडली नसती. मूळ क्षेपणास्त्रासाठी तयार केलेल्या जडत्वीय यंत्रणेच्या आधारे ९६ तासांत सुमारे २,९५० किलोमीटर पाण्याखालून जाऊन ती ग्रीनलंडच्या बाजूला सुखरूप वर आली.

क्षेपणास्त्र आणि पाणबुडी दोहोंना हीच विद्या लागत असल्यामुळे ती सहजासहजी विकत मिळत नाही. १९८७ साली सात राष्ट्रांनी क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर नियंत्रणे घातली, त्यांत उत्तम प्रतीचे जायरोस्कोप आणि त्वरणमापकही होते. भारत त्या व्यवस्थेचा सदस्य झाला तो २०१६ मध्ये. मधल्या काळात ही उपकरणे आपल्या अभियंत्यांना आपणच घडवावी लागली. तिरुवनंतपुरमजवळ वट्टियूरकावू येथे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचा यासाठी स्वतंत्र विभाग आहे.

या परिश्रमाचे फळ २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपण सर्वांनी पाहिले. चंद्रयान-३ चा विक्रम हा अवतरक सुमारे ३० किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला जवळजवळ १.७ किलोमीटर वेगाने जात असताना खाली उतरू लागला. चंद्राभोवती दिशा दाखविणारे उपग्रह नाहीत. पृथ्वीवरून प्रश्न विचारून उत्तर मिळेपर्यंत अडीच सेकंद जातात, म्हणून तेथून सुकाणू धरता येत नाही. विक्रमवर लेझर जायरोस्कोप आणि त्वरणमापक यांची जोडगोळी होती. वेग कमी करण्याचा पहिला टप्पाच सुमारे ६९० सेकंदांचा. वर घेतलेली एक हजारांश चूक येथे असती, तर तेवढ्या वेळात २.३ किलोमीटरांचा फरक पडला असता! प्रत्यक्षात उपकरणे त्याहून पुष्कळच काटेकोर होती, आणि उंची मोजणारे लेझर व रेडिओ मापक, वेग मोजणारे लेझर उपकरण आणि कॅमेरे त्यांचा हिशेब सतत तपासून घेत होते.

यंत्राचे ऐकणारे कोणी हवे

आणखी एक घटना सांगितली पाहिजे. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअर लाइन्सचे ००७ क्रमांकाचे प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले. त्यातले २६९ जण मृत्युमुखी पडले. अलास्काहून सोलकडे निघालेले हे विमान ठरलेल्या मार्गापासून ५०० किलोमीटरांहून अधिक बाजूला, सोव्हिएत हद्दीत गेले होते. विमानात एक नव्हे, तीन जडत्वीय यंत्रणा होत्या. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या १९९३ च्या अहवालाने असा निष्कर्ष काढला, की स्वयंचालक त्या यंत्रणांच्या सांगण्याप्रमाणे चाललाच नाही. तो एकच चुंबकीय दिशा धरून उडत राहिला आणि वैमानिकांच्या हे पाच तासांत लक्षात आले नाही. या दुर्घटनेनंतर अमेरिकेने आपली उपग्रह यंत्रणा नागरी विमानांनाही खुली करण्याचे जाहीर केले. आज फोनवर आपण जिचा सहज उपयोग करतो, ती हीच यंत्रणा.

मग उपग्रह आल्यावर जडत्वाची गरज संपली काय? मुळीच नाही. २०२३ पासून पश्चिम आशियाच्या आकाशात जाणाऱ्या अनेक प्रवासी विमानांना उपग्रहांचे म्हणून बनावट संदेश मिळाल्याचे आढळले आहे. रेडिओ संदेश दडपता येतो, त्याची नक्कल करता येते. जडत्वाला मात्र कोणी दडपू शकत नाही. म्हणून शहाणे वाहन दोघांचेही ऐकते. जडत्व क्षणोक्षणीची हालचाल सांगते, उपग्रह अधूनमधून हिशेब दुरुस्त करतो आणि दोघांचे पटेनासे झाले, की चालकाला सावध केले जाते.

स्वतः करून पहा

गवंडी वापरतात तसा एक छोटा ओळंबा आणि एक कोनमापक घ्या. कोनमापक पुठ्ठ्यावर चिकटवून त्याच्या मध्यबिंदूपासून ओळंबा सोडा. बसमध्ये खिडकीशेजारी बसून हा पुठ्ठा बसच्या लांबीला समांतर, उभा धरा. बस सुटताना ओळंबा मागे जाईल. तो उभ्या रेषेशी θ कोन करीत असेल, तर त्वरण a = g tan θ. ५ अंशांना ०.८६ आणि १० अंशांना १.७३ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे उत्तर येते. एका मित्राने दर सेकंदाला कोन वाचावा, दुसऱ्याने लिहून घ्यावा. दोन थांब्यांमधल्या नोंदींवरून आधी वेग आणि मग अंतर काढा व खऱ्या अंतराशी ताडून पहा. चूक किती आली आणि ती कोठून आली, याची चर्चा वर्गात शिक्षकांसमोर जरूर करा.

हा प्रयोग सपाट रस्त्यावर करा. नंतर पन्हाळ्याच्या चढावर, बस एकसारख्या वेगाने जात असताना तोच करून पहा. बस वेग घेत नसतानाही ओळंबा मागे गेलेला दिसेल. चढ कोणता आणि त्वरण कोणते, हे केवळ ओळंब्याकडे पाहून ओळखता येईल काय? आणि येत नसेल, तर पुठ्ठ्यावर आणखी कोणते उपकरण बसवावे लागेल? या लेखात त्याचे उत्तर येऊन गेले आहे. ते आता तुम्हीच शोधा.